यादी निरंक आहे, कृपया सही करावी

ऑफिसात काही द्यायचं असलं की दहा हात पुढे येतात. नवा लॅपटॉप, नवं ओळखपत्र, ते गळ्यात अडकवायची निळी दोरी, या सगळ्याला माणसं नेमलेली असतात आणि ती हसून बोलतात. परत घ्यायची वेळ आली की तीच माणसं एकमेकांना ईमेलच्या सीसीमध्ये टाकायला लागतात. दोरी परत येते. लॅपटॉप येतो, चार्जर येत नाही. आणि एक गोष्ट मागायची राहूनच जाते, कारण ती दिली होती हेच कोणाला आठवत नाही. ती म्हणजे डिजिटल सर्टिफिकेट.

हल्ली बऱ्याच कंपन्या स्वतःपुरती सर्टिफिकेटं देण्याची सोय घरच्या घरीच करतात. त्या सोयीला सर्टिफिकेट अथॉरिटी, थोडक्यात सीए, म्हणतात. सनदी लेखापालांनी रागावू नये, त्यांचाही उल्लेख पुढे आहे. हा सीए म्हणजे एक सर्व्हर असतो आणि तो सही करून सांगतो, की हा लॅपटॉप आपला, हा प्रिंटर आपला, व्हीपीएनवरून आत येऊ पाहणारा हा इसमही आपलाच. उभारणीचा दिवस थाटाचा असतो. रॅकला हार घालतात, नारळ बाहेर पार्किंगमध्ये फोडतात, पेढे वाटतात. रूट सर्टिफिकेटची मुदत २० वर्षं ठेवतात. या २० वर्षांत कोणी नोकरी सोडेल, कोणाचा लॅपटॉप शिवनेरीत राहील, असली अभद्र भाषा त्या दिवशी कोणी काढत नाही. त्यामुळे प्रकल्पाच्या कागदपत्रांत शेवटच्या पानावर एक ओळ उरते. ‘सीआरएल : नंतर बघू.’

सीआरएल म्हणजे रद्द केलेल्या सर्टिफिकेटांची यादी. एकदा सही करून दिलेलं सर्टिफिकेट मागे घेता येत नाही. ते ज्याच्या हातात आहे त्याच्याकडेच राहतं, आणि मुदत संपेपर्यंत छातीठोकपणे ‘मी खरा’ म्हणत राहतं. मग सीएला एकच उपाय राहतो. चव्हाट्यावर कागद लावायचा, की अमुक अमुक क्रमांकांशी आमचा आता संबंध नाही. यादीत नावं नसतात, नुसते अनुक्रमांक, रद्द केल्याची तारीख आणि मर्जी असेल तर कारण. एक्स.५०९ हे मानक १९८८ साली निघालं, तेव्हापासून ही पद्धत आहे.

इथवर कोणालाही पटतं. खरी गंमत तारखांची आहे. यादीवर दोन तारखा असतात. ही यादी कधी काढली, आणि पुढची कधीपर्यंत निघेल. दुसरी तारीख उलटली की यादी बाद. मधल्या काळात एकही सर्टिफिकेट रद्द झालेलं नसलं, तरी नवी यादी काढायची, तिला नवा क्रमांक द्यायचा, तिच्यावर सही करायची आणि ती जाग्यावर नेऊन ठेवायची. तरुण इंजिनिअरांना हे अजिबात पटत नाही. रिकामी यादी पुन्हा कशाला, म्हणतात. सरकारी कचेरीत चार वर्षं काढलेल्या माणसाला मात्र एक अक्षर समजावून सांगावं लागत नाही. तालुक्याहून जिल्ह्याला दर महिन्याला अहवाल जातोच. प्रलंबित प्रकरणे, निरंक. प्राप्त तक्रारी, निरंक. कळवण्यासारखं काही नाही, पण काही नाही हे कळवलं नाही तर कारणे दाखवा नोटीस येते. सीआरएल हा हुबेहूब निरंक अहवाल आहे, आणि त्याची वाट बघणारा वरचा साहेब कॉम्प्युटर असल्यामुळे त्याला चहा पाजून मुदत वाढवून घेता येत नाही.

मुदत किती ठेवायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ओपनएसएसएलच्या नमुना फाइलीत ३० दिवस लिहिलेले असतात. विंडोजचा सीए आपणहून आठवड्याची यादी काढतो आणि तिच्या जोडीला रोजची एक पुरवणी. ओपनव्हीपीएनबरोबर बहुतेकजण वापरतात ती ईझी-आरएसए ही अवजारं १८० दिवस देतात. १८० दिवस हा फार वाईट आकडा आहे. आठवड्याचं काम माणूस लक्षात ठेवतो, वर्षाच्या कामाला निदान कॅलेंडरात जागा असते. सहा महिन्यांनी येणारं काम करणाऱ्याची तोवर बदली झालेली असते.

मग एका सोमवारी सकाळी व्हीपीएन कोणालाच आत घेत नाही. ओपनव्हीपीएन या बाबतीत कर्मठ आहे. यादीची मुदत उलटली, की यादीत क्रमांक असो-नसो, तो सरसकट सगळ्यांना परत पाठवतो. त्या सकाळी फोनवर जो संवाद होतो, तो कमीअधिक फरकानं सगळीकडे सारखाच असतो.

“माझं सर्टिफिकेट खराब झालंय का?”

“नाही साहेब, तुमचं उत्तम आहे. यादी शिळी झाली.”

“कसली यादी?”

“ज्यांना आत घ्यायचं नाही त्यांची.”

“तिच्यात माझं नाव आहे?”

“नाही साहेब. तिच्यात कोणाचंच नाव नाही.”

यानंतर थोडा वेळ दोन्हीकडे कोणी बोलत नाही.

याच्या अगदी उलट स्वभाव ब्राउझरांचा. वर्षानुवर्षं त्यांचं धोरण असं होतं, की यादी मिळाली तर बघू, नाही मिळाली तर ‘असेल सगळं ठीक’ म्हणून पुढे जाऊ. आता ज्या भामट्यानं तुमची वाट अडवलीय, त्याला यादीची वाट अडवणं काय जड? हे ओळखून क्रोमनं २०१२ साली ही चौकशी थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि निवडक रद्द सर्टिफिकेटांची आपली स्वतःची छोटी यादी ठेवायला सुरुवात केली.

या सगळ्या खटाटोपातला माझा सर्वांत आवडता प्रसंग मात्र २००१ सालचा आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत व्हेरिसाइन या त्या काळच्या सर्वांत मोठ्या सीएनं, मायक्रोसॉफ्टचा कर्मचारी असल्याची बतावणी करणाऱ्या कोणाला तरी मायक्रोसॉफ्टच्या नावाची दोन सर्टिफिकेटं देऊन टाकली. चूक लक्षात आल्यावर ती रीतसर रद्द झाली, रीतसर यादीत चढली. सगळं नियमानुसार. फक्त ही यादी कुठे मिळेल तो पत्ता सर्टिफिकेटांमध्ये घातलेलाच नव्हता. त्यामुळे यादी जिथे होती तिथे होती, आणि ती शोधत जाण्याचं कोणत्याही विंडोजला काही कारण नव्हतं. अखेर मायक्रोसॉफ्टला मार्चमध्ये खास त्या दोन सर्टिफिकेटांसाठी एक दुरुस्ती काढावी लागली.

तेव्हापासून पत्ता घालायला कोणी विसरत नाही, पण कोणता घालायचा यावर भांडणं आहेत. तो प्रत्येक सर्टिफिकेटात कोरला जातो, नंतर खोडता येत नाही. कंपनीचं नाव बदललं, डोमेन बदललं, सर्व्हर क्लाउडवर गेले, तरी हजारो सर्टिफिकेटं जुन्या पत्त्यावरच यादी मागायला जातात. म्हणून कुठल्या तरी टेबलाखाली एक जुनं मशीन घरघरत असतं आणि त्यावर सेलोटेपनं चिकटवलेला कागद असतो, ‘हे बंद करू नये’. का करू नये हे सांगणारा माणूस बंगळुरूला गेलेला असतो.

आणखी एक तिढा. हा पत्ता एचटीटीपीचा ठेवतात, मुद्दाम. ऑडिटरला तो नेमका दिसतो.

“इथे एस नाहीये.”

त्याला सांगावं लागतं, की साहेब, एस लावला तर यादी देणाऱ्या सर्व्हरचंच सर्टिफिकेट आधी तपासावं लागेल. ते रद्द झालंय का हे बघायला यादी लागेल. ती यादी त्याच सर्व्हरवर आहे. शिवाय यादीवर सीएची सही असते, वाटेत कोणी खाडाखोड केली तर लगेच कळतं, आणि लपवायचं म्हणाल तर ती चारचौघांत लावण्यासाठीच केलेली आहे. ऑडिटर शांतपणे सगळं ऐकतो, मान डोलावतो आणि वहीत लिहितो, ‘तत्त्वतः मान्य. एस कधीपर्यंत लावणार ती तारीख द्यावी.’

विंडोजवाल्यांचं दुखणं वेगळंच. त्यांच्या रोजच्या पुरवणीच्या फाइलीच्या नावात शेवटी अधिकचं चिन्ह असतं. यादी काढणारा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टचा, ती वाटणारा वेब सर्व्हर आयआयएस, तोही मायक्रोसॉफ्टचाच, आणि तो हे चिन्ह संशयास्पद ठरवून फाइल द्यायला नकार देतो. एक सेटिंग बदललं की देतो. घरातल्या घरात असं चालायचंच.

आता कारणांकडे वळू. सर्टिफिकेट रद्द का केलं हे सांगायला मानकानं आकडे ठरवून दिले आहेत, ० ते १०. ते मी अधूनमधून नुसते वाचण्यासाठी काढतो. १ म्हणजे ‘की’, म्हणजे सही करायची गुप्त किल्ली, फुटली, चोरापोरी गेली. २ म्हणजे सीएची स्वतःचीच फुटली. इथे सीए जाहीर करतो की माझ्या सहीवर विश्वास ठेवू नका, आणि खाली सही करतो. ३ म्हणजे माणसाचा संस्थेशी असलेला संबंध बदलला. ४ म्हणजे नवं दिलं, म्हणून जुनं गेलं. ९ म्हणजे अधिकार काढून घेतला. एचआरच्या मॅडमनी एकदा ही सगळी यादी मन लावून वाचली आणि विचारलं, “यात ‘परस्परसंमतीने’ कुठे आहे?” नाही. ७ या आकड्याला तर काही अर्थच नाही, तो वापरात नाही म्हणून मानकातच लिहिलंय. आणि ० म्हणजे ‘कारण सांगितलेलं नाही’. त्याबद्दल मानकाची सूचना अशी, की कारण सांगायचं नसेल तर ‘कारण सांगितलेलं नाही’ असंही न लिहिलेलं बरं. ज्यानं कोणी हे लिहिलं त्यानं मोठ्या संस्थेत बरीच वर्षं काढली असावीत.

सर्वांत नाजूक आकडा ६. याचा अर्थ तात्पुरती स्थगिती. बाकी कारणांनी रद्द झालेलं सर्टिफिकेट परत जिवंत होत नाही, हे एकटंच परत येऊ शकतं. लॅपटॉप हरवला की बहिणीच्या घरी राहिला, हे नक्की होईपर्यंत ६ लावून ठेवतात. नक्की झाल्यावर तो काढायचा हे कोणी लक्षात ठेवत नाही. मानकात या स्थगितीला कालमर्यादा नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात, म्हणजे २००० सालच्या, निदान ती आहे. त्याचं कलम ३७ म्हणतं, की धारकाला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय डिजिटल सही १५ दिवसांहून जास्त स्थगित ठेवता येणार नाही.

त्याच्या पुढचं कलम ३८ रद्द करण्याचं. धारकानं स्वतः मागणी केली, धारक वारला, भागीदारी मोडली किंवा कंपनी गुंडाळली, तर सही रद्द. कायद्यानं मृत्यूचा विचार केला, आकडे ठरवणाऱ्यांनी केलेला नाही. माणूस वारल्याचा वेगळा आकडा त्यांच्याकडे नाही. त्यातल्या त्यात जवळचा ५, ‘कामकाज बंद’.

पण कायदा काहीही म्हणो, या डिजिटल सह्या खरोखर राहतात कुठे, तर सनदी लेखापालाच्या ऑफिसातल्या खणात. निविदा भरायला, कंपनीचे कागद दाखल करायला लागणारी ती यूएसबीची टोकनं, ज्यांना सगळे डोंगल म्हणतात. खण उघडला की रबरबँड लावलेले जुडगे दिसतात. प्रत्येकावर पांढरी पट्टी, पट्टीवर बॉलपेननं अशिलाचं नाव, आणि अक्षर बारीक काढलं असेल तर त्याच पट्टीवर पिनही. की फुटली म्हणजे कारण क्रमांक १. तिथे फुटायला काही उरलेलंच नसतं. त्या खणातल्या किती जणांची भागीदारी मोडली आणि किती जण निवर्तले, याची यादी खुद्द यमाकडेच असेल आणि तीही वेळेवर निघत असेल याची खात्री नाही.

देशपातळीवरही हे नाटक एकदा झालं. जुलै २०१४ मध्ये गुगलच्या ध्यानात आलं, की आपल्या डोमेनांची सर्टिफिकेटं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, सीएकडून परस्पर निघाली आहेत. एनआयसीच्या वर भारताचा सीसीए, म्हणजे प्रमाणन प्राधिकरणांचा नियंत्रक, आणि त्याच्यावर मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचा विश्वास. सीसीएनं दुसऱ्याच दिवशी एनआयसीची मधली सर्टिफिकेटं रद्द केली. सरकारी कामाला हा वेग म्हणजे कौतुकच. तरीही गुगलनं स्वतःच्या यादीतून क्रोमला वेगळं कळवलं, मायक्रोसॉफ्टनंही विंडोजला स्वतंत्र कळवलं. सरकारी यादी कोणी वाचायला येईल, या भरवशावर दोघांपैकी कोणीही बसलं नाही.

आता खासगी सीएच्या पोटातल्या खऱ्या देवघरात जाऊ. शहाणे लोक रूट सीए, म्हणजे बाकी सीएंच्या वरचा सीए, नेटवर्कला जोडत नाहीत. तो एका लॅपटॉपवर असतो, लॅपटॉप बंद असतो, आणि बंद लॅपटॉप तिजोरीत असतो. त्याच्यालेखी रद्द करण्यासारखं जवळजवळ कधीच काही नसतं, पण त्याचाही निरंक अहवाल लागतो, वर्षातून एकदा. तो चुकला तर हाताखालचा विंडोजचा सीए रीस्टार्टनंतर चालूच होत नाही. ‘रद्द यादीचा सर्व्हर ऑफलाइन आहे’ असं म्हणून बसतो. त्या सर्व्हरचं काही बिघडलेलं नसतं, वरून कागद आलेला नसतो इतकंच.

म्हणून वर्षातून एकदा तिजोरी उघडण्याचा सोहळा होतो. एक किल्ली फायनान्सकडे, दुसरी आयटीकडे, दोघं एकाच दिवशी कामावर असायला हवेत, म्हणजे श्रावण, गणपती, दिवाळी आणि मार्च अखेर गेली. दिवस ठरतो. लॅपटॉप बाहेर येतो. चार्जर वेगळ्या जातीचा असतो, तो सापडेपर्यंत चहा होतो. लॅपटॉप सुरू होतो, पासवर्डाचे दोन तुकडे दोन माणसं पाठमोरं उभं राहून टाईप करतात. यादी निघते, सही होते. सगळे एकमेकांकडे बघून समाधानानं हसतात. मग कोणीतरी तारीख वाचतं. लॅपटॉपच्या पोटातली घड्याळाची बारकी बॅटरी तिजोरीत पडून पडून मेलेली असते, आणि त्याच्या मते आज तो कारखान्यातून बाहेर पडला तो दिवस आहे. मानकाप्रमाणे अगदी बिनचूक, रीतसर सही झालेली आणि जन्मतःच कित्येक वर्षांपूर्वी मुदत संपलेली यादी. घड्याळ लावतात, पुन्हा काढतात. हे घड्याळ लावतानाही सांभाळावं लागतं, कारण यादीवरची वेळ आपली नसते, ग्रीनिचची असते. पुण्यात सकाळी दहाला काढलेल्या यादीवर पहाटेचे साडेचार लिहिलेले असतात. घड्याळ पुढे गेलं तर जग म्हणतं, ही यादी अजून लागू झालेली नाही.

शेवटी यादी पेनड्राइव्हवर घेतात आणि ज्या सर्व्हरवर टाकायची तिथे जातात. सुरक्षेच्या धोरणानुसार त्या सर्व्हरचे यूएसबी पोर्ट बंद केलेले असतात. ते धोरण याच खोलीतल्या कोणीतरी लिहिलेलं असतं.

बरं, एवढं सगळं जमवलं आणि यादी वेळेवर निघत गेली, तरी प्रश्न सुटतोच असं नाही. एक संवाद इथे नोंदवण्यासारखा आहे. एका माणसाला सकाळी काढून टाकलं होतं.

“त्याचं सर्टिफिकेट रद्द केलं का?”

“केलं मॅडम, अकरा वाजताच.”

“मग दीड वाजता तो फाइली कशा उतरवून घेतोय?”

“मॅडम, सर्व्हरनं मागची यादी जपून ठेवलीय. ती शुक्रवारपर्यंत चालते. तोवर तो नवी आणायला जाणार नाही.”

मॅडमनी क्षणभर विचार केला. “मग त्याला शुक्रवारपर्यंत नोकरीवर ठेवता येईल का?”

यावर तोडगा म्हणून १९९९ साली ओसीएसपी आलं. यादी आणू नका, एकेक सर्टिफिकेट फोन करून विचारा, अशा स्वरूपाचं. सगळे म्हणाले, सुटलो. पण प्रत्येक वेळी विचारायचं म्हणजे कोण कुठल्या साइटवर जातोय हे सीएला कळणार, आणि फोन लागला नाही तर पुन्हा मूळपदावर. लेट्स एन्क्रिप्ट या सीएनं ऑगस्ट २०२५ मध्ये आपली ओसीएसपी सेवा बंद केली आणि रद्द सर्टिफिकेटांसाठी सीआरएलवरच भिस्त ठेवली. १९८८ चीच यादी, नव्या कपड्यांत. दुसरीकडे सर्टिफिकेटांची मुदतच इतकी कमी करत चालले आहेत की रद्द करायची वेळ येण्याआधी ती आपोआप संपावीत. २०२९ च्या मार्चपासून सार्वजनिक सर्टिफिकेटं जास्तीत जास्त ४७ दिवसांची असतील. घरच्या सीएला हा नियम लागू नाही, त्यामुळे घरचे प्रिंटर दहा-दहा वर्षांची सर्टिफिकेटं घेऊन मजेत आहेत.

तेव्हा तुमच्या ऑफिसात असा घरचा सीए असेल, तर आजच त्याची चालू यादी उतरवून घ्या आणि पुढच्या यादीची तारीख बघा. ओपनएसएसएल ती एका ओळीत सांगतो. तारीख पुढची असेल तर कॅलेंडरात दोघांच्या नावानं नोंद करा, एकाच्या नको. तारीख उलटलेली असेल आणि कुठलीच तक्रार आलेली नसेल, तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. तुमच्या ऑफिसात ती यादी कोणीच वाचत नाही, आणि तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेला माणूस अजून आत येऊ शकतो.